सात रुपयांचा शिपाई

सोलापुरात पत्ता सांगताना आपण आजही ‘लष्कर’, ‘सदर बझार’ म्हणतो. तिथे एके काळी खरोखर पलटणी राहत, याची आठवण कुणाला होत नाही. मे 1818 मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांच्या फौजेकडून इथला किल्ला घेतला आणि पुढे छावणी वसली.

मन्रो इतिहासात आहेच. मला कुतूहल छावणीतल्या साध्या शिपायाचे. सारी नोकरी बँकेत गेली म्हणून असेल, पण माणूस समजून घ्यायचा तर मी आधी त्याचा पगार बघतो.

महिना सात रुपये! त्यातच धान्य विकत घ्यायचे, स्वतः रांधायचे. गणवेशापोटी कपात वेगळी. राहायची झोपडीही, तुटपुंज्या भत्त्यावर, त्यानेच उभारायची. उरेल ते गावी. पोस्टाची मनीऑर्डर आली 1880 साली. त्याच वर्षी अफगाणिस्तानात मैवंदला मुंबईच्या पलटणींतले शेकडो शिपाई मारले गेले.

तरी तरुण भरती होत. पेशवाईत पगार महिनोन्‌महिने तुंबत. इथे तो ठरल्या वेळी हाती पडे आणि म्हातारपणी पेन्शन.

सातचे नऊ व्हायला 1895 उजाडले. पण त्याआधीच, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या पलटणींत लढलेल्या महारांची भरती सरकारने बंद केली होती. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यांचे मागणे पगारवाढीचे नव्हते. मुलांना पलटणीत घ्या, एवढेच होते.