तळावर पोसणारे जीव : आर्क्टिक समुद्र आणि येरळा खोरे

प्रस्तावना :
वन्यजीव संवर्धनाचा विचार बहुधा प्राण्याच्या संरक्षणापासून सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. शिकारीस बंदी घातली, राखीव क्षेत्राची सीमा आखली, म्हणजे प्राणी सुरक्षित झाला असे गृहीत धरले जाते. पाण्याच्या तळावरील अन्नावर जगणाऱ्या जीवांच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे ठरते. आर्क्टिकमधील सागरी सस्तन प्राणी आणि सातारा-सांगली जिल्ह्यांतून वाहणाऱ्या येरळा नदीच्या खोऱ्यात येणारे रोहित पक्षी, या दोन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात तळाचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

आर्क्टिकमधील चराऊ क्षेत्रे :
उत्तर बेरिंग व चुक्ची हे समुद्र उथळ असून त्यांची खोली बहुतेक ठिकाणी 100 मीटरपेक्षा कमी आहे. वसंत ऋतूत बर्फाच्या खालच्या बाजूस व कडेला शैवाल बहरते. ते खाणारे सूक्ष्म प्राणी त्या थंड पाण्यात त्या वेळी अल्प असल्याने शैवालाचा मोठा अंश तळाशी जाऊन बसतो. त्यावर शिंपले, कृमी व झिंग्यांसारखे लहान कवचधारी जीव विपुल वाढतात. वॉलरस संवेदनशील मिशांनी गाळ चाचपून शिंपल्यांतील मांस शोषून घेतो. करडा देवमासा कुशीवर वळून गाळ तोंडात ओढतो आणि जबड्यातील झालरीने अन्न गाळून घेतो.

वॉलरसच्या माद्या पिलांसह समुद्रबर्फावर विसावतात व खालच्या तळावर चरतात. बर्फाची कड खोल समुद्राकडे हटली की विसावा आणि अन्न यांची ताटातूट होते. 2014 मध्ये अलास्कातील पॉइंट ले येथे सुमारे 35,000 वॉलरस किनाऱ्यावर एकवटले होते. अशा गर्दीत चेंगराचेंगरी होऊन पिले दगावतात. पूर्व उत्तर पॅसिफिकमधील करड्या देवमाशांची संख्या 2016 मधील सुमारे 27,000 वरून 2023 पर्यंत सुमारे 14,500 वर आली. व्यापारी शिकार बंद असतानाही ही घट झाली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तरेकडील चराऊ क्षेत्रांतील परिसंस्थेत झालेले बदल हे तिचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांमुळे अशा क्षेत्रांची आणखी हानी होऊ शकते. म्हणून अमेरिकेने 2009 मध्ये आपल्या आर्क्टिक सागरी क्षेत्रात व्यापारी मासेमारी सुरू होण्यापूर्वीच तीस मज्जाव केला.

येरळा खोऱ्यातील संदर्भ :
येरळा नदी पर्जन्यछायेतील खटाव तालुक्यातून वाहत सांगली जिल्ह्यात प्रवेश करते व ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्यातील मायणी व येरळवाडी येथील तलाव रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. रोहित पक्षी चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि जिभेच्या हालचालीने चिखलपाणी आत घेऊन त्यातील कीटकांच्या अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव व शैवाल गाळून घेतो. त्याची आहारपद्धती करड्या देवमाशाच्या पद्धतीशी आश्चर्यकारक साम्य दर्शविते. त्याच्यासाठीही पाण्याची खोली निर्णायक ठरते. तलाव तुडुंब भरला तर तळ चोचीच्या आवाक्याबाहेर जातो. आटला तर तळातील जीवसृष्टीच संपते.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये मायणी परिसरास पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी पक्षी येथे टिकणे हे पाण्याची पातळी, साचणारा गाळ, काठावरील अतिक्रमण व शेतीतून वाहून येणारी रसायने यांच्या नियमनावर अवलंबून राहील. गाळ उपसणे आवश्यक असले, तरी उथळ काठ खोल करून टाकल्यास चराऊ क्षेत्रच नष्ट होईल.

तळ हे माणसाचेही कोठार आहे, ही जाणीव या खोऱ्यास नवी नाही. 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळेच्या पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशाविरुद्ध आवाज उठविला. त्यातूनच लोकसहभागाचे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

निष्कर्ष :
समुद्र असो वा तलाव, तळ डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून नियोजनातही दुर्लक्षित राहतो. प्राण्यांच्या गणनेबरोबरच गाळातील जीवांची नियमित पाहणी होणे आवश्यक आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व भूगोल विभागांना हे कार्य अल्प साधनांत, परस्पर सहकार्याने करता येण्यासारखे आहे. पक्ष्यांची संख्या घटल्यानंतर कारणे शोधण्यापेक्षा तळातील बदल आधीच नोंदविणे अधिक उपयुक्त ठरेल.