सोडतीत न लागलेली माणसं

तळोजा म्हटलं की कुणाला कारागृह आठवतं, कुणाला एमआयडीसीतल्या रसायनांचा वास. मला आठवतो तो एक प्रचंड प्रयोग, जो प्रयोग म्हणून कुणी आखलाच नव्हता.

2018 साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी इथल्या 14,838 घरांसाठी अर्ज मागवले. त्यांतली 5,262 घरं आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी होती, म्हणजे महिन्याला 25 हजारांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी. त्या घराचं चटई क्षेत्र 25.81 चौरस मीटर. पंतप्रधान आवास योजनेतून या गटाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असं अडीच लाखांचं अनुदान. अर्ज घरांच्या कितीतरी पट आले आणि 2 ऑक्टोबरला संगणकाने नावं काढली.

आता कुणी विचारलं, की या योजनेने गरिबी किती हटली, तर उत्तर कुठे शोधायचं? घर लागलेल्यांना भेटावं, हे पहिल्यांदा सुचतं. भिंती पक्क्या, नळ घरात, मुलगी कॉलेजात. पण अनामत जमवणारं, उत्पन्नाचा दाखला काढणारं, बँकेचे उंबरे झिजवून कर्ज मंजूर करून घेणारं कुटुंब मुळातच खटपटी. घर लागलं नसतं तरी त्यांची मुलगी कॉलेजात गेली नसती कशावरून? योजनेचं श्रेय म्हणजे जे झालं ते आणि जे एरवी झालं असतं ते, यांतला फरक. आणि त्यातला दुसरा आकडा या जगात कुठेच नोंदलेला नसतो. एकच कुटुंब घर लागलेलं आणि न लागलेलं, अशी दोन आयुष्यं जगू शकत नाही.

इथे सोडतीची गंमत आहे. एकाच गटात, एकाच आरक्षणाखाली अर्ज केलेली हजारो कुटुंबं घ्या. सगळी सारखीच खटपटी, सारखीच गरजू. संगणक त्यांचे दोन भाग करतो, आणि तेही हुशारी, ओळखपाळख, वशिला यांतलं काहीही न बघता. एकेकट्या कुटुंबांत फरक असणारच, पण हजारोंची सरासरी काढली की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या निघतात. म्हणजे घर न लागलेल्यांची यादी हाच तो न नोंदलेला दुसरा आकडा! नशिबाला आपण आंधळं म्हणतो. मोजमापाच्या कामी त्याचं हे आंधळेपणच उपयोगी पडतं.

हे नुसतं कल्पनेत नाही. अहमदाबादेत 1987 मध्ये विडी वळणाऱ्या बायकांसाठी घरांची सोडत निघाली होती: 497 अर्जदार, 110 घरं. घरं चांगली, पण शहराच्या मध्यापासून 12 किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना गाठलं. घर लागलेल्यांपैकी 34 टक्के तिथे राहायला गेलेच नव्हते आणि 32 टक्के जाऊन परतले होते. मिळकतीत फरक नाही, मुलांच्या प्रगतीत फरक नाही. उलट, अडीनडीला धावून येणारे सोयरे आणि शेजारी मात्र तुटले.

मुंबईत तनू कुमार यांनी म्हाडाच्या सोडतींवर तसाच अभ्यास केला, आणि उत्तर नेमकं उलटं आलं. घर लागलेल्यांची मिळकत वाढली, मुलं जास्त शिकली, नोकरीलाही लागली. आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली: ही कुटुंबं स्थानिक कारभारात जास्त लक्ष घालू लागली. म्हाडाच्या घरात स्वतः राहिलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती, ते भाड्याने देता येत होतं. गोतावळा आणि रोजगार जागच्या जागी राहिले, मालमत्ता तेवढी वाढली. मला यातलं मर्म अंतरात दिसतं.

सरकारी वहीत खर्च म्हणजे अनुदान. पण अंतरासारखा गरिबाच्या बाजूनेही खर्च असतो आणि तो सहसा कुणी मांडत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेच्या बाबतीत तो मांडला गेला. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा या दोन गावांत हिशेब केला, की हमीच्या कामावर गेलेल्या मजुराने दुसरीकडची किती कमाई गमावली. उत्तर निघालं सरासरी पाव भाग. म्हणजे शंभर रुपये मजुरीतला खरा लाभ पंचाहत्तर. इथेही तोच प्रश्न: एरवी काय झालं असतं?

तळोजाला हा हिशेब लावला, तर अडीच लाखांच्या अनुदानातून कामावर जाण्यायेण्याचं भाडं आणि वेळ वजा करावा लागेल. लोक हा हिशेब मनातल्या मनात करतातच. जानेवारी 2024 मध्येही सिडकोने काढलेल्या योजनेतल्या 3,322 घरांपैकी बहुतेक तळोजातली होती. तळोजातली घरं अशी पुन्हा पुन्हा विक्रीला काढावी लागतात, हाही गिऱ्हाइकाने दिलेला अहवालच, आणि तो अभ्यासगट नेमण्यापेक्षा स्वस्त पडला.

त्याआधी दोनच महिने, 17 नोव्हेंबर 2023 ला, बेलापूर ते तळोजाजवळचं पेंढर अशी मेट्रो सुरू झाली होती. 11 स्थानकं, सुमारे 11 किलोमीटर. घरांच्या योजनेत मेट्रोचा खर्च कुणी धरत नाही, पण माझ्या मते तो गरिबी हटवण्याच्या खात्यातही मोजायला हवा. तेच घर, तोच हप्ता, आणि बेलापूरची वाट मात्र सोपी झालेली.

अर्जदारांच्या नोंदी सिडकोकडे, लागलेल्यांच्याही आणि न लागलेल्यांच्याही. संशोधकाने त्या मागून घ्याव्यात आणि लवकर घ्याव्यात, कारण न लागलेली माणसं स्वस्थ बसत नाहीत. ती पुढच्या सोडतीत पुन्हा अर्ज भरतात, त्यातल्या काहींना घर लागतं, आणि तुलनेसाठी हाताशी असलेली यादी दर जाहिरातीगणिक आखूड होत जाते.