मीठ, पाणी आणि तहान



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हांला वर्गात एक प्रयोग दाखविला होता. कच्च्या बटाट्याला खळगा करून त्यात त्यांनी मीठ ठेवले. थोड्या वेळाने खळग्यात पाणी साचले. "मीठ जेथे जाते, तेथे पाण्याला बोलावून घेते," एवढेच ते म्हणाले. पुढे मी डॉक्टर झालो. परंतु या वाक्याचा पुरता अर्थ मला कळला तो माझे थोरले बंधू डायलिसिसवर गेल्यानंतर.

निरोगी मूत्रपिंड जादा मीठ आणि पाणी अहोरात्र बाहेर टाकीत असते. ते निकामी झाले की हे काम आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तासांत यंत्राला उरकावे लागते. यंत्रातील द्रवात सोडियमचे प्रमाण रक्ताइतकेच, म्हणजे लिटरमागे 135 ते 140 मिलिमोलच्या आसपास ठेवलेले असते. त्यामुळे युरियाप्रमाणे सोडियम आपोआप पलीकडे जात नाही. ते मुख्यतः ओढून काढलेल्या पाण्याबरोबर जाते. एक लिटर पाण्याबरोबर सुमारे 8 ग्रॅम मीठ, असा हा हिशेब आहे.

हाच हिशेब उलटही चालतो. 8 ग्रॅम मीठ पोटात गेले की रक्त दाट होते, तहान लागते आणि एक लिटर पाणी प्याल्यावाचून ती शमत नाही. लघवी होत नसलेल्या रोग्याने रोज 15 ग्रॅम मीठ खाल्ले, तर दोन दिवसांत साडेतीन लिटरांहून अधिक पाणी अंगात साठते. रोज 5 ग्रॅम खाल्ले, तर सव्वा लिटर.

येथेच माझी चूक झाली. दादांचे पाणी मी तांब्याने मोजून देत असे. मीठ मात्र कधी मोजले नाही. हैदराबादचा उन्हाळा, घरात लग्नकार्य, पानात आवकाय आणि पापड. रात्री ते चोरून पाणी प्याले, आणि मी त्यांना रागे भरलो. दुसऱ्या दिवशी त्यांचे वजन साडेचार किलोंनी वाढलेले होते. साठ किलो वजनाच्या माणसातून चार तासांत तीन लिटरांपलीकडे पाणी काढणे हृदयाला झेपत नाही. ताशी, किलोमागे 13 मिलिलिटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. पाणी ओढता ओढता त्यांचा रक्तदाब कोसळला आणि पायांत असह्य गोळे आले. ते वाचले, परंतु दोष त्यांच्या मनोनिग्रहाचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता.

द्रवातील सोडियम वाढविले तर असे प्रसंग कमी होतात, हे खरे. पण रोगी तहान बरोबर घेऊनच घरी परततो. याउलट फ्रान्समधील तासँ येथील केंद्राने आठ तासांचे संथ डायलिसिस आणि अळणी आहार यांच्या जोरावर बहुसंख्य रोग्यांचा रक्तदाब औषधांवाचून ताब्यात ठेवून दाखविला.

आपल्या शहरात निम्स, उस्मानिया, गांधी या रुग्णालयांत डायलिसिस होते. 2007 साली सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेमुळे ते अनेक गरिबांच्या आवाक्यात आले. यंत्र मिळाले, पथ्य मात्र स्वयंपाकघरातच सांभाळावे लागते. दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, एवढेच मीठ. आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, चहाबरोबरचे खारट उस्मानिया बिस्कीट, सारे काही आले. सैंधव हेही मीठच आहे. 'कमी सोडियमचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. ते या रोग्यांच्या हृदयाला घातक ठरू शकते. चव हवी असेल तर जिरे, मिरे, लसूण आहेत, लिंबूही बेतानेच.

म्हणून माझी विनंती एवढीच : रोग्याच्या हातातील पेला हिसकावण्यापूर्वी त्याच्या पानातील मीठ पाहा. मीठ आवरले की तहान आपोआप आवरते. गुरुजींनी हे एका बटाट्यावर शिकविले होते. मला ते समजावयास तीस वर्षे लागली. आपणांस तितकी लागू नयेत.