कुजणारी बॅटरी आणि आपली जमीन

विजेरी, फवारणीचा पंप, कुंपणाचें विजेचें यंत्र अशा कितीतरी वस्तु आतां शेतकरी बंधूंच्या घरीं बॅटरीवर चालतात. निकामी झालेला सेल उकिरड्यावर पडतो आणि उकिरड्याचें खत शेतांत जातें. सेलाच्या जातीप्रमाणें त्यांत जस्त, मँगनीज, निकेल, कॅडमियम किंवा शिसें असतें. धातु शेणाप्रमाणें कुजत नाहीं. म्हणून ‘कुजणारी बॅटरी’ निघाली असें ऐकिलें म्हणजे तिचा कोणता भाग कुजतो, हें प्रथम विचारिलें पाहिजे.

प्रत्येक सेलांत धन व ऋण असे दोन ध्रुव असतात. त्यांच्यामधील ओलसर पदार्थांतून विद्युत्‌भारित कण ये-जा करतात, तेव्हां बाहेरच्या तारेंतून वीज वाहते. धातूचा ध्रुव कुजणार नाहीं. मधला पदार्थ व वेष्टन मात्र कुजण्याजोगें करतां येतें.

सीबीडी बेलापूरनजीक खाडीकांठीं दिवाळे हें कोळी लोकांचें गांव आहे. खेकडे व कोळंबी यांचीं कवचें आपण टाकाऊ समजतों. परंतु त्यांतील कायटिन या द्रव्यापासून कायटोसान तयार होतें. अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं जस्ताच्या बॅटरींतील मधला पदार्थ कायटोसानापासून केला. सूक्ष्म जंतूंच्या योगें तो सुमारें ५ महिन्यांत कुजतो. जस्त शिल्लक राहतें व तें पुन्हां वापरतां येतें.

त्याच सालीं स्वित्झर्लंडमधील ‘एम्पा’ या संस्थेनें कागदाचा सेल केला. मीठ जिरविलेल्या कागदावर एका बाजूस ग्राफाइटची व दुसऱ्या बाजूस जस्ताची शाई लाविली. पाण्याचे थेंब पडतांच तो चालू होतो व सुमारें १.२ व्होल्ट दाब देतो. येथेंहि कागद कुजतो, जस्त उरतें.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. सतीशचंद्र ओगले व सहकारी यांनीं ध्रुवाचाच विचार केला. वाळलेलीं पानें हवेवांचून अतिशय तापवून त्यांनीं सच्छिद्र कोळसा केला, आणि बॅटरीचें भावंड शोभेल अशा सुपरकपॅसिटर या साधनांत तो वापरून २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्या पानांत कडुलिंबाचींहि पानें होतीं. असा कोळसा लवकर कुजत नाहीं, परंतु तो जड धातु नव्हे.

प्रयोगशाळेंतील यश म्हणजे बाजारांतील माल नव्हे. पाल्याला यामुळें लगेच भाव येईल असें कोणी मानूं नये. तूर्त तो शेतांत आच्छादनासच घालावा. आणि वेष्टनावर ‘पर्यावरणस्नेही’ असें छापलेलें असलें तरी सेल खतांत टाकूं नये.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातु परत मिळविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे, आणि वापरणाऱ्यानें त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवावयाच्या आहेत. तरी प्रत्येक घरीं निकामी सेलांसाठीं एक कोरडा डबा ठेवावा. ते फोडूं नयेत, जाळूं नयेत. डबा भरला म्हणजे तो अधिकृत संकलन केंद्रांत पोंचवावा.