एकच प्रोग्रॅम, अनेक डेटाबेस: चालू असताना कॅटलॉग कसा बदलायचा?

जवळचंच उदाहरण घेऊ. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. समजा, इथल्या प्रत्येक कॉलेजचा डेटाबेस वेगळा आहे, पण सगळे एकाच मायएसक्यूएल सर्व्हरवर आहेत आणि टेबलं अगदी सारखी आहेत. प्रोग्रॅम एकच. कऱ्हाडचा क्लार्क लॉगिन झाला की कऱ्हाडचा डेटाबेस, गडहिंग्लजचा झाला की गडहिंग्लजचा. हायबरनेट वापरून हे कसं करायचं?

पहिला विचार सुचतो तो मॅपिंगमध्येच कॅटलॉगचं नाव लिहायचा. पण सेशन फॅक्टरी तयार होताना मॅपिंग एकदाच वाचलं जातं, नंतर बदलत नाही. प्रत्येक कॉलेजसाठी वेगळी फॅक्टरी करता येते, पण मेमरी आणि सुरू व्हायचा वेळ दोन्ही वाढतात.

दुसरा मार्ग म्हणजे कनेक्शनवर ‘सेट कॅटलॉग’ मेथड वापरणं. मायएसक्यूएलमध्ये कॅटलॉग म्हणजेच डेटाबेस, त्यामुळे हे चालतं. पोस्टग्रेसमध्ये एक कनेक्शन एकाच डेटाबेसला बांधलेलं असतं, तिथे स्कीमा बदलावा लागतो.

खरी गोम पुढे आहे. हायबरनेट रेकॉर्ड ओळखतं ते क्लास आणि प्रायमरी की यांवरून. गडहिंग्लजचा १०१ नंबरचा विद्यार्थी वाचला आणि त्याच सेशनमध्ये कॅटलॉग बदलून कऱ्हाडचा १०१ मागितला, तर डेटाबेसकडे न जाता आधीचाच विद्यार्थी परत मिळतो. एरर नाही, इशारा नाही. मार्क मात्र दुसऱ्याचे!

म्हणून कॅटलॉग बदलल्याचं हायबरनेटला कळलं पाहिजे. २०११ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून त्यासाठी दोन इंटरफेस आहेत. ‘करंट टेनंट आयडेंटिफायर रिझॉल्व्हर’ सांगतो की सध्या कुठलं कॉलेज आहे. ‘मल्टी टेनंट कनेक्शन प्रोव्हायडर’ त्या कॉलेजचं कनेक्शन देतो. मग सेकंड लेव्हल कॅशच्या की मध्येही कॉलेजची ओळख जोडली जाते.

दोन नियम लक्षात ठेवा. एका सेशनला एकच कॉलेज. आणि कनेक्शन पूलमध्ये परत देताना कॅटलॉग मूळ जागी आणा. पूलच्या सेटिंगमध्ये मूळ कॅटलॉग दिलेला असेल तर हिकारी पूल ‘सेट कॅटलॉग’ने केलेला बदल स्वतः पुसतो, पण थेट ‘यूज’ कमांड दिली तर त्याला पत्ताच लागत नाही.

संशोधनात हे जास्त महत्त्वाचं. वेगवेगळ्या पद्धतींचा वेग मोजताना कॅशमधून चुकीचं उत्तर आलं, तर आकडे उलट सुंदरच दिसतील! म्हणून मोजणीआधी दोन डेटाबेसमध्ये १०१ नंबरला वेगवेगळी नावं भरा आणि प्रत्येक बदलानंतर बरोबर नाव येतं का, ते तपासा.