घोड्याच्या रक्तातील औषध

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून ज्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येते, त्या कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या मुलखात फुरशाचे भय पूर्वापार आहे; इंग्रजी अमदानीत तर रत्नागिरी जिल्ह्यात हा सर्प मारून आणणारास सरकारातून इनाम मिळे. आज त्याच्या दंशावर रामबाण उपाय उपलब्ध असूनही, त्या इंजेक्शनाची ‘रिअॅक्शन’ येते म्हणून धास्तावलेली माणसे आढळतात, आणि ही धास्ती सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे हे प्रतिविष, घोड्यास विषाची मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत टोचल्यावर त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये उत्पन्न होतात, त्यांपासून तयार करतात. घोड्याची प्रथिने मानवी देहास परकी. त्यामुळे काहींच्या अंगावर मिनिटांत पित्त उठते, खाज सुटते, ओकारी येते, श्वास कोंडतो व रक्तदाब कोसळतो. परकी प्रथिने दुसऱ्यांदा टोचली असता देह असा उलटतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ रीशे व पोर्तिए यांनी 1902 साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले होते. परंतु प्रतिविषाची गोष्ट अधिक चमत्कारिक अशी, की पूर्वी ते कधीही न घेतलेल्या माणसासही हा उपद्रव होऊ शकतो. म्हणूनच आधी थेंबभर औषध त्वचेत टोचून पाहण्याची जुनी चाल आता त्याज्य मानली जाते: तिच्याने अंदाज लागत नाही, आणि अमूल्य वेळ मात्र जातो.

खरा बंदोबस्त उशाशी भरून ठेवलेल्या अॅड्रेनलिनचा. लक्षणे दिसताच प्रतिविषाचे सलाईन थांबवून, प्रौढास अर्धा मिलिग्रॅम अॅड्रेनलिन मांडीच्या स्नायूत द्यावयाचे, आणि प्रकृती सावरल्यावर प्रतिविष पुन्हा सावकाश सुरू करावयाचे. कारण रिअॅक्शनच्या भयाने ते अर्ध्यावर सोडणे म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या फुरशाच्या विषास मोकळे रान देणे होय. मुलांना अॅड्रेनलिन वजनाप्रमाणे कमी, पण प्रतिविष मोठ्यांइतकेच लागते, कारण सर्प वय पाहून विष सोडीत नाही.

उशिरा येणारा एक उपद्रव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी व पुरळ उद्भवले, की विष पुन्हा चढले असा घरच्यांचा समज होणे स्वाभाविक. वस्तुतः तो घोड्याच्या त्याच परक्या प्रथिनांमुळे होणारा ‘सीरमचा आजार’ असून औषधांनी बरा होतो. रुग्णास घरी धाडताना ही गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर मराठीत लिहून देण्यास डॉक्टरांना एक मिनिट पुरे.