हात लावला तिथेच आधी बघा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. पान्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसांचं हे गाव. गाडीचं किरकोळ काम गॅरेजला कोण देणार? एअर फिल्टर बदलला, प्लग साफ केले आणि चावी फिरवताच इंजिन थरथरू लागलं, तर नवा रोग शोधू नका. काल जे उघडलं तेच पुन्हा तपासा.

पेट्रोल गाडीत बऱ्याचदा एअर फिल्टरजवळचा एखादा रबरी व्हॅक्यूम पाइप निसटलेला असतो. हिशेबाबाहेरची हवा आत शिरते, मिश्रण बिघडतं आणि गाडी उभी असतानाही आरपीएमचा काटा वरखाली नाचतो. कान दिला तर बारीक फुसफुस ऐकू येते. फिरत्या पंख्यापासून मात्र हात लांब ठेवा. जुन्या गाड्यांत प्लगच्या वायरींची अदलाबदल होते; नव्यांत कॉइलचं सॉकेट ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसलेलं नसतं.

बॅटरी काढली असेल, तर थोडं चालवल्यावर आयडलिंग बहुधा ताळ्यावर येतं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. ते मिसफायरचं लक्षण. न जळलेलं पेट्रोल महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. स्कॅनरवर ‘पी०३०१’ दिसलं, तर मिसफायर पहिल्या सिलिंडरचा आहे.

ऑइलचा दिवा पेटला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि गाडी टोचन लावून गॅरेजला न्या.